छंदाचे विमान आणि पैनगंगेचे पाणी

चिखलीला आगगाडी नाही. जालना ते खामगाव हा लोहमार्ग व्हावा ही मागणी ब्रिटिश अमदानीपासूनची आहे. तिच्यासाठी तीन-चार पिढ्यांनी निवेदने दिली, मोजण्या झाल्या, पुन्हा मोजण्या झाल्या, आणि चिखलीचा प्रवासी आजही एस. टी.च्या थांब्यावरच उभा आहे. अशा गावाच्या संदर्भात हौसेच्या विमानाची, तेही जमिनीवर आणि पाण्यावर अशा दोन्ही ठिकाणी उतरणाऱ्या उभयचर विमानाची चर्चा करणे ही अनेकांना थट्टा वाटेल. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा जिल्हा होता. तेथील कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्याला कोट्यवधी रुपयांच्या खेळण्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

परंतु पाण्यावरच्या विमानांचा विषय या देशात हौशी लोकांनी काढलेला नाही. तो सरकारने काढला आहे. 2011 च्या आरंभी अंदमानात ‘जलहंस’ नावाने अशी सेवा सुरू झाली आणि मागे पडली. ऑगस्ट 2014 मध्ये मुंबईच्या जुहू विमानतळावरून पवना धरणाच्या जलाशयापर्यंत एका खाजगी कंपनीने महाराष्ट्रातील पहिली जलविमानसेवा सुरू केली. तीही फार काळ टिकली नाही. 9 डिसेंबर 2017 रोजी गिरगाव चौपाटीसमोर मंत्र्यांच्या उपस्थितीत प्रात्यक्षिक झाले. 31 ऑक्टोबर 2020 रोजी अहमदाबादेतील साबरमतीच्या काठावरून केवडियापर्यंतची सेवा खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली आणि 2021 च्या एप्रिलात थांबली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने जलविमानांचे नियम सैल केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंध्रात विजयवाडा ते श्रीशैलम् व केरळात कोची ते मट्टुपेट्टी अशी चाचणी-उड्डाणे झाली. उद्‌घाटनांची ही मालिका पाहिली की ध्यानात येते, की आपल्याकडे जलविमान उतरते ते बहुधा समारंभात. समारंभाचा मांडव उतरला की विमानही दिसेनासे होते.

असे का व्हावे? भाडे जास्त होते, प्रवासी कमी होते, साथीचे दिवस होते, ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण केवडियाच्या सेवेतील एक घटना या सर्वांहून अधिक बोलकी आहे. सेवा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच तिचे विमान देखभालीसाठी मालदीवला पाठवावे लागले. ज्या देशाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरविले, त्या देशाला पाण्यावर उतरणाऱ्या एका जुन्या धाटणीच्या एकोणीस आसनी विमानाच्या देखभालीसाठी हिंदी महासागरातील एका चिमुकल्या द्वीपराष्ट्राकडे जावे लागावे, हे कोडे नव्हे काय? मालदीवपाशी अवकाशशास्त्रज्ञ नाहीत. पण खारे पाणी पत्र्याच्या कोणत्या सांध्यात शिरते, तरंडे कोठून झिरपते आणि इंजिन रोज गोड्या पाण्याने कसे धुवावे हे नित्याच्या सवयीने जाणणारे हात तेथे शेकड्यांनी आहेत. आपल्याकडे ते नाहीत, कारण ते तयार होण्याची जी जागा असते ती आपण कधी निर्माणच होऊ दिली नाही. ही जागा म्हणजे लहान, खाजगी, छंदाचे विमान.

विमानविद्येचा इतिहास या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. 28 मार्च 1910 रोजी दक्षिण फ्रान्समधील एका खाजणावरून हेन्री फाब्र याने पाण्यावरून पहिले यांत्रिक उड्डाण केले, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणतेही खाते नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्लेन कर्टिस याने आपल्या जलविमानाला चाके जोडली आणि उभयचर विमान जन्माला आले. हा कर्टिस मूळचा सायकलीच्या धंद्यातला. त्यानंतर मोठ्या उडत्या नौकांचा काळ आला. इंपीरियल एअरवेजच्या अशा नौका 1930 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून पूर्वेकडे जाताना राजस्थानातील राजसमंद तलावावर आणि ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर उतरत. दुसऱ्या महायुद्धाने जगभर लांब धावपट्ट्या बांधून ठेवल्या आणि या अजस्र नौकांचे प्रयोजन संपले. लहान उभयचर मात्र मेले नाही. कॅनडात आणि अलास्कात ते शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसारखे वापरात राहिले. अमेरिकेत 1940 च्या दशकातच ‘सीबी’ नावाचे उभयचर हजाराच्या वर विकले गेले, आणि आज ‘सीरे’ नावाचे दोन आसनी उभयचर सुट्या भागांच्या पेटाऱ्यांतून येते व विकत घेणाराच ते आपल्या घरामागच्या शेडमध्ये जोडतो. तेथील नियमाने अशा हौशी बांधणीच्या विमानाचे निम्म्याहून अधिक काम शिक्षणासाठी वा छंदासाठी स्वतः केलेले असावे लागते. ही अट पाहिली म्हणजे कळते की तो कायदा विमान विकण्यासाठी केलेला नाही, कारागीर घडविण्यासाठी केलेला आहे. हौशी विमानबांधणाऱ्यांची जी संघटना 1953 साली मिलवॉकीत स्थापन झाली, तिच्या वार्षिक मेळाव्यासाठी ऑशकॉशजवळच्या सरोवरावर जलविमानांचा स्वतंत्र तळ असतो.

या यंत्राचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला त्यात वर्षभराचे धडे मिळतील. विमानाचे पोट नौकेसारखे असते. पाण्यात उभे असताना ते नौकाच असते, आणि नौकेला पाणी सोडीत नाही. म्हणून पोटाखाली मध्यावर एक आडवी पायरी काढलेली असते. वेग वाढला की विमान पाण्यावर चढते, पायरीच्या मागे हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि ते पृष्ठभागावर घसरत जाऊन उडते. आश्चर्य असे, की खळबळत्या पाण्यापेक्षा आरशासारखे शांत पाणी वैमानिकाला अधिक धोक्याचे. लाटाच नसल्या तर पृष्ठभाग किती खाली आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि तीस फुटांवर असलेला मनुष्य तीन फुटांवर आहोत असे समजतो. दुसरा धोका चाकांचा. धावपट्टीवर चाके बाहेर काढायला विसरले तर पोट खरचटते. पाण्यावर उतरताना चाके आत घ्यायला विसरले तर विमान कोलांटी खाते. ज्या वाहनात एकच विसर दोन ठिकाणी दोन निरनिराळे परिणाम करतो, ते वाहन बेफिकीर धनिकाचे खेळणे होऊ शकत नाही. झाले तर फार काळ टिकत नाही.

अमेरिकेतील ‘आयकॉन ए5’ या विमानाची कथा येथे सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ज्यांना अशा विमानांचे स्वप्न पडते त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तेच असते. दोन आसने, 100 अश्वशक्तीचे इंजिन, मोटारीसारखा दर्शनी फलक, आणि गाडीमागे जोडून घरी नेता यावे म्हणून दुमडणारे पंख. आरंभी 1 लक्ष 39 हजार डॉलर सांगितलेली त्याची किंमत 2017 पर्यंत 3 लक्ष 89 हजारांवर गेली. त्याच वर्षाच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील बेरियेसा सरोवरावर कंपनीचा प्रमुख अभियंता स्वतः विमान चालवीत असता एका चिंचोळ्या दरीत शिरला आणि वर निघू न शकल्याने सहप्रवाशासह मरण पावला. नोव्हेंबरात विख्यात बेसबॉलपटू रॉय हॅलडे मेक्सिकोच्या आखातात कोसळला. दोन्ही अपघातांत विमान पाण्यालगत फार खालून उडविले जात होते. 2024 च्या एप्रिलात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही नुसत्या ऐषारामाच्या भरवशावर हे विमान उभे राहू शकले नाही. पेटाऱ्यातून येणारे, घरी जोडायचे, दिसायला ओबडधोबड विमान मात्र टिकून आहे. भारतात या विषयाचा विचार करणाऱ्याने यांतून कोणते उदाहरण घ्यावे हे सांगण्याची गरज नसावी.

महाराष्ट्रात असा माणूस झालेलाच नाही असे नाही. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते 2016 साली ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले आणि लोकांनी ते पाहण्यासाठी गर्दी केली. नोंदणी मात्र 2017 च्या नोव्हेंबरात, तीही मुख्यमंत्री आणि पंतप्रधान यांनी लक्ष घातल्यानंतर झाली. उड्डाणाची परवानगी येईपर्यंत 2019 उजाडले, आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. मधल्या काळात, 2018 साली, पालघर जिल्ह्यात हजारो कोटींचा विमान-कारखाना काढण्याचा करारही समारंभपूर्वक झाला. एका गच्चीवरच्या कारागिराला आधी वर्षानुवर्षे नोंदणी क्रमांक द्यायचा नाही आणि मग एकदम पस्तीस हजार कोटींचा करार त्याच्या हाती ठेवायचा, या दोन टोकांच्या मध्ये जे असते त्याला उद्योग म्हणतात. ते मधले आपल्या राज्यकर्त्यांना दिसत नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडविले की नाही यावर मराठी माणूस अजूनही तावातावाने बोलतो. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने उडू शकत नाहीत असा निर्वाळा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 सालीच दिला, तरी उत्साह ओसरत नाही. 1895 चे उड्डाण सिद्ध करण्याची जेवढी हौस आहे, तिच्या दहावा हिस्सा हौस 2016 च्या विमानाची नोंदणी वेळेवर व्हावी म्हणून दाखविली असती तर बरे झाले असते.

कायद्याने आज खाजगी वैमानिक होण्यास फारशी आडकाठी नाही. दहावी उत्तीर्ण, वय 17 पूर्ण, वैद्यकीय तपासणी आणि 40 तासांचे उड्डाण एवढ्यावर खाजगी परवाना मिळतो. 1934 चा जुना विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. अडचण आहे ती पुढे. वैयक्तिक वापराच्या विमानावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. इतर विमानांवर तो 5 टक्के आहे. सरकारच्या लेखी आपल्या मालकीचे दोन आसनी विमान म्हणजे विलासी नौका आणि तंबाखू यांच्या पंगतीतली वस्तू. श्रीमंताच्या चैनीवर कर असावा याविषयी दुमत नाही. पण डझनभर आसनांचे आलिशान जेट आणि स्वतः जोडलेले शंभर अश्वशक्तीचे उभयचर यांना एकाच काट्याने तोलणे ही करनीती नव्हे, आळस आहे. बहुतेक जेट कंपन्यांच्या नावावर असतात आणि त्यांचे हिशेब करणारे हुशार असतात. 40 टक्क्यांचा बडगा शेवटी कोणाच्या पाठीवर बसेल, हे कारकुनी करणाऱ्या कोणालाही कळेल.

आता पुन्हा चिखलीकडे. हे गाव ज्या पठारावर आहे ते समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. पैनगंगा याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते. तिच्यावर मेहकर तालुक्यात पेनटाकळीचे धरण आहे. दक्षिणेस देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेचा संत चोखासागर पसरलेला आहे. नकाशा पाहणाऱ्या मुंबईच्या अधिकाऱ्याला हे निळे ठिपके म्हणजे तयार धावपट्ट्या वाटतात. त्या तशा नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान 40 अंशांवर जाते. त्या उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण सोळाशे मीटरांवर आहोत असे वाटते. इंजिनाची जवळजवळ सहाव्या हिश्श्याची शक्ती नाहीशी होते आणि पाणी सुटण्यास दुप्पट अंतर लागले तरी नवल नाही. नेमके त्याच वेळी जलाशय आटून गाळ, बुडालेली झाडे आणि जुन्या बांधांचे दगड वर येतात. पावसाळ्यात पाणी असते, पण आभाळ नसते. उरतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ, आणि नेमका तोच परदेशी पाखरांच्या मुक्कामाचा. शंभर किलोमीटर वेगाच्या विमानाच्या काचेवर बदक आदळले तर दोघांचाही शेवट. लोणारचे सरोवर तर विचारातही घेऊ नये. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते उल्काविवर अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीत आहे, आणि त्याचे क्षारयुक्त पाणी विमानाच्या पत्र्याला मानवणारेही नाही. एवढे मात्र खरे, की लोणारचा वर्तुळाकार पूर्णपणे दिसतो तो आकाशातूनच, आणि ज्या जिल्ह्यात तो आहे तेथील किती विद्यार्थ्यांनी तो तसा पाहिला असेल याचा हिशेब फार वेळ घेणारा नाही.

याहून मोठा प्रश्न पाण्याच्या मालकीचा आहे. धरणाचे पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी आहे. काठावर शेतकऱ्यांचे पंप, पाइप आणि विजेच्या तारा आहेत. आत मासेमारी संस्थांची जाळी आहेत. ज्या पाण्याच्या वाटपावरून उन्हाळ्यात गावोगाव भांडणे होतात, त्या पाण्यात कोणा एकाचे विमान तेलाचा तवंग सोडीत फिरू लागले तर लोक दगड उचलतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. केरळात 2024 च्या चाचणीनंतर मच्छीमारांनी विरोध केला आणि मट्टुपेट्टीच्या हत्तींच्या वावराकडे वनखात्याने बोट दाखविले, हे ताजेच आहे. तेथे आधी विमान आले आणि मग पाण्यावरच्या लोकांना विचारण्यात आले. हा क्रम उलटा हवा.

म्हणून बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात खाजगी मालकीपेक्षा सामायिक मालकी हाच मार्ग दिसतो. सहकाराचा अनुभव महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. कारखाने उभे करण्याचाही आहे आणि बुडविण्याचाही. एका जलाशयाचा एक पट्टा, पिण्याच्या पाण्याच्या उपशापासून दूर, वर्षातील ठरावीक आठवडे, ठरावीक तास; पक्ष्यांचा मुक्काम ज्या काठावर असेल तो वर्ज्य; जलसंपदा विभाग, मासेमारी संस्था आणि लगतच्या ग्रामपंचायती यांची लेखी संमती; आणि एका मंडळाच्या मालकीचे, सुट्या भागांतून जोडलेले एक उभयचर. चिखलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तालुक्याच्या कोणत्याही गावातील गॅरेजवाला ट्रॅक्टरचे इंजिन उघडून बसवतो तेव्हा त्याच्याजवळ पुस्तक नसते. या दोघांना एका शेडमध्ये, एका परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली, तीन वर्षे एका विमानावर काम करू दिले तर त्यातून किती वैमानिक निघतील हा प्रश्न दुय्यम आहे. पत्रा, रिव्हेट, काचतंतूचे काम, गंज आणि वजनाचा काटेकोर हिशेब जाणणारे वीस-पंचवीस तरुण निघतील, आणि विदर्भाला तेच हवे आहेत. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून 2025 च्या एप्रिलात प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. तेथे उभ्या राहणाऱ्या विमानांची निगा राखणारे तरुण अमरावती, अकोला आणि बुलढाण्यातूनच मिळावेत अशी अपेक्षा असेल, तर त्यांची उमेदवारी कोठे होणार याचे उत्तर आजच्या कोणत्याही सरकारी योजनेत नाही.

खर्चाचा मुद्दा उरतो. असे विमान, त्याचे इंजिन, विमा आणि इंधन धरून जी रक्कम होईल ती चिखलीच्या एका शिक्षकाच्या आवाक्यातील नाही, आणि ती तशी आहे असे भासविणे लबाडीचे होईल. परंतु जलविमानांच्या सेवांसाठी तरंगते धक्के, पाहण्या, सल्लागारांचे अहवाल आणि उद्‌घाटनाचे मांडव यांवर आजवर जे गेले, त्यात अशी मंडळे राज्यात निदान चार-पाच ठिकाणी चालली असती. त्यासाठी केंद्राला दोन गोष्टी कराव्या लागतील. प्रशिक्षण मंडळाच्या मालकीच्या आणि हौशी बांधणीच्या लहान विमानाला 40 टक्क्यांच्या वर्गातून निःसंदिग्धपणे बाहेर काढावे लागेल. आणि अशा विमानाच्या नोंदणीचा अर्ज किती दिवसांत निकाली निघेल हे नियमातच लिहावे लागेल, म्हणजे त्यासाठी पंतप्रधानांपर्यंत जाण्याची पाळी कोणावर येणार नाही. राज्याचे काम त्याहून सोपे आहे. जलसंपदा विभागाने आपल्या जलाशयांपैकी कोणते अशा वापराला योग्य आणि कोणते सर्वथा अयोग्य, याची यादी पाण्याची पातळी, पाखरे, पंप आणि विजेच्या तारा यांच्या नोंदींसह प्रसिद्ध करावी. पेनटाकळी आणि खडकपूर्णा दोन्ही अयोग्य ठरली तरी हरकत नाही. तसे एकदा लिहून टाकावे, म्हणजे पुढच्या वेळी एखादा मंत्री हेलिकॉप्टरमधून खाली पाहून तेथे जलविमानाची घोषणा करील तेव्हा काठावरच्या गावकऱ्यांच्या हाती एक कागद असेल.